लोणच्याची बरणी आणि परगावचं पार्सल

शुक्रवारी संध्याकाळी सहाला दुसऱ्या इमारतीतल्या एका टीमचा फोन आला. "तुमचं डेट फील्ड दिसत नाहीये." माझ्या लॅपटॉपवर दिसत होतं. त्यांच्याही लॅपटॉपवर दिसत होतं. लाइव्ह साइटवर मात्र 'जन्मतारीख' या लेबलाखाली कोरी जागा होती आणि तिच्याखाली थेट पुढचं बटण. कन्सोल उघडला तर त्यात एकही लाल ओळ नाही. धड रागवावं तरी कशावर, असा प्रकार.

कारण सापडलं रात्री साडेनऊला, आमच्याच लायब्ररीच्या पॅकेज-जेसनमध्ये. 'साइड-इफेक्ट्स: फॉल्स' ही ओळ आम्हीच वर्षभरापूर्वी लिहिली होती. बंडल लहान होतं असं कुठेतरी वाचलं होतं, एवढंच तिचं निमित्त. या ओळीतून बंडलरला कळतं ते असं: या पॅकेजमधली फाइल नुसती इम्पोर्ट केल्याने काही घडत नाही, तिच्यातलं नाव कुणी वापरत नसेल तर ती खुशाल टाकून दे. वेब कंपोनंटच्या बाबतीत मात्र फाइल नुसती इम्पोर्ट केल्यानेच सगळं घडतं. तिच्या शेवटाशी टॅगचं नाव ब्राउझरच्या नोंदवहीत चढतं, आणि तिथून पुढे ब्राउझर त्या टॅगला ओळखू लागतो. त्या टीमने फाइल इम्पोर्ट केली होती आणि पानावर टॅग लिहिला होता, फाइलीतलं कुठलं नाव मात्र कोडमध्ये वापरलं नव्हतं. बंडलरने आमच्या शब्दावर विश्वास ठेवून फाइल टाकून दिली. त्यांचा डेव्हलपमेंट सर्व्हर फाइली बांधत नाही, सुट्या सुट्या ब्राउझरला वाढतो. म्हणून लॅपटॉपवर सगळं आलबेल. आणि मध्ये जोडरेघ असलेला अनोळखी टॅग एचटीएमएलला चालतो, त्यामुळे ब्राउझरनेही तक्रार केली नाही.

आमच्या स्वतःच्या चार ॲप्समध्ये वर्षभर हे का दिसलं नाही? ती चारही रिॲक्टची. रिॲक्टमध्ये वापरायला आम्ही छोटे रॅपर लिहिले होते आणि रॅपरला कंपोनंटचा क्लास नावानिशी द्यावा लागतो. नाव वापरलं गेलं, म्हणून फाइल वाचली. चूक वर्षभर घरात पडून होती, ती घरच्यांच्या वाटेत आली नाही एवढंच. पहिला परका माणूस आला आणि तिला ठेचकाळला.

त्या शुक्रवारपासून माझं एक मत बनत गेलं आणि या लेखात तेच मांडायचं आहे. सामायिक कंपोनंट लायब्ररी म्हटलं की आपण कंपोनंट बनवण्याला खरं काम समजतो. पॅकेज बांधणं हे शेवटचं किरकोळ कारकुनी काम. ते नव्या मुलाला द्यायचं, किंवा गुरुवारी रात्री कुठल्यातरी टेम्प्लेटवरून उचलायचं. माझ्या मते हे उलटं आहे. बटण कुणीही बनवतं. ते कोणत्या वाटेने मिळेल, त्याच्याबरोबर काय येईल, काय यायचं नाही, आणि ते बदललं तर कुणाला कळेल, हे ठरवणं म्हणजे लायब्ररी करणं. मोनोरेपोत राहणाऱ्या माणसाला हे उमगणं जास्त कठीण असतं, कारण मोनोरेपो हा प्रश्नच दिसू देत नाही.

वेब कंपोनंट कुणासाठी असतात, ते आधी पाहू. ॲलेक्स रसेल यांनी २०११ साली फ्रॉन्टियर्स परिषदेत ही कल्पना मांडली. क्रोमने पहिली आवृत्ती एकट्यानेच पुढे रेटली; बाकीच्या ब्राउझरांनी ती आपलीशी केली नाही आणि २०२० मध्ये क्रोमनेही ती काढून टाकली. सर्वांना मान्य झालेली कस्टम एलिमेंट्सची, म्हणजे स्वतः घडवलेल्या टॅगांची, दुसरी आवृत्ती क्रोममध्ये २०१६ला आली, सफारीत २०१७ला, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८ला. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ती आली जानेवारी २०२०ला, तीही स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियम घेतल्यावर. एवढी वर्षं घासाघीस झाली ती एका गोष्टीसाठी: कुठल्याही फ्रेमवर्कच्या ओळखीवाचून चालणारा टॅग. रिॲक्टवाल्याने वापरावा, व्ह्यूवाल्याने वापरावा, आणि ज्याच्याकडे जुनं पीएचपीचं पान आहे त्यानेही वापरावा. गिटहबवर 'दोन तासांपूर्वी' असं दाखवणारा टॅग वेब कंपोनंट आहे. अडोबीने ब्राउझरमधल्या फोटोशॉपचा इंटरफेस याच तंत्रावर उभारला. मोझिलाने फायरफॉक्सच्या स्वतःच्या खिडक्या आणि मेन्यूंमधलं जुनं खासगी तंत्र काढून त्याजागी हेच आणलं.

म्हणजे जो वेब कंपोनंट निवडतो, त्याने परक्यांसाठी बनवायचं ठरवलेलं असतं. तुमच्या सगळ्या टीम एकाच फ्रेमवर्कवर असतील आणि पुढची पाच वर्षं राहणार असतील, तर त्या फ्रेमवर्कचे साधे कंपोनंट लिहा आणि सुखाने जगा. कंपोनंटचं आतलं जग पानापासून वेगळं ठेवणाऱ्या शॅडो डॉमच्या कटकटी ओढवून घ्यायचं कारणच नाही.

मोनोरेपोचा स्वभाव नेमका उलटा. सगळं कोड एका छपराखाली, एका कमिटमध्ये बटणही बदला आणि ते वापरणारी सगळी ॲप्सही बदला. रेचल पॉटव्हिन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये गूगलच्या रेपोवर एक लेख लिहिला. त्यातले आकडे जानेवारी २०१५चे: सुमारे २ अब्ज ओळी, ८६ टेराबाइट, साडेतीन कोटी कमिट. तो लेख वाचून अनेकांना मोनोरेपोचा मोह झाला, मलाही झाला. जावास्क्रिप्टच्या जगात बेबल प्रकल्पाच्या गरजेतून लर्ना आलं, यार्नने २०१७ मध्ये वर्कस्पेस आणले, एनपीएमने सातव्या आवृत्तीत २०२० मध्ये. आता दहा जणांची टीमही पहिल्या दिवशी मोनोरेपो काढते. त्याला माझी हरकत नाही. मी स्वतः तेच करतो. फक्त हे ओळखावं की मोनोरेपो म्हणजे नातेवाइकांचा कारभार. इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि परवानगी न विचारता एकमेकांच्या कपाटात हात घालतात.

एक निवड परक्यांसाठी, दुसरी घरच्यांसाठी. दोन्ही आपण एकाच दिवशी, एकाच मीटिंगमध्ये करतो, आणि त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत हे कुणी बोलत नाही. त्यांची गाठ पडते ती पॅकेजमध्ये.

आमच्या घरी आई लोणचं घालायची. घरच्या बरणीला कधी चिठ्ठी लागली नाही. कोणतं कैरीचं, कोणतं गेल्या वर्षीचं, कोणत्यात तेल कमी पडलंय, ते घरात सगळ्यांना ठाऊक. बरणीचं झाकण सैल होतं, तेही ठाऊक. म्हणून ती कुणी आडवी ठेवत नसे. तेच लोणचं मावशीकडे नागपूरला पाठवायचं असलं की वेगळाच सोहळा व्हायचा: घट्ट झाकणाचा डबा, वर प्लॅस्टिक, दोरा, वर नाव आणि तारीख, आणि 'मुरायला अजून पंधरा दिवस' अशी सूचना. लोणचं तेच. मोनोरेपोत आपण बरणीतून खातो आणि पार्सलही नीट पोहोचेल असं धरून चालतो.

बरणीचं झाकण कसं सैल असतं, ते थोडं जवळून पाहू. वर्कस्पेसमध्ये तुमची लायब्ररी ॲपच्या नोड-मॉड्यूल्समध्ये कॉपी होऊन येत नाही, तिथे नुसती एक सिमलिंक असते. त्यामुळे डिस्कवर त्या फोल्डरमध्ये जे जे पडलेलं आहे ते सगळं ॲपला मिळतं. पॅकेजमध्ये ते जाणार आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. दुसरं, एनपीएम सगळ्यांची पॅकेजेस उचलून मुळाशी एका ठिकाणी ठेवतं. लायब्ररीने तारखांचं एखादं पॅकेज इम्पोर्ट केलं, स्वतःच्या यादीत मात्र लिहिलं नाही, तरी शेजारच्या ॲपने आणलेलं तिला सापडतं. अशांना भुताटकी डिपेन्डन्सी म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे: घरात असेपर्यंत वावरते, उंबरठा ओलांडला की नाहीशी होते. पीएनपीएम याबाबतीत कडक आहे, म्हणून आम्ही तिकडे गेलो आणि निर्धास्त झालो. पुढे कळलं की त्यातही पळवाट आहे. पॅकेज चुकून 'देव-डिपेन्डन्सीज'मध्ये लिहिलं तर वर्कस्पेसमध्ये ते मिळतंच, कारण आतमध्ये त्याही बसवलेल्या असतात. बाहेरच्याला मात्र त्या मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत लबाड. वेग हवा म्हणून आम्ही ॲप्सना लायब्ररीचा सोर्सच थेट जोडून दिला होता. बटणात बदल करा, सेव्ह करा, ॲपमध्ये लगेच दिसतो. मधे बिल्ड नाही. मोनोरेपोचं खरं सुख हेच, असं आम्ही पाहुण्यांना दाखवायचो. पण याचा अर्थ असा होतो की लायब्ररी कशी कंपाइल व्हावी ते आता प्रत्येक ॲप ठरवतं. एका ॲपने टाइपस्क्रिप्टचं टार्गेट वाढवून ईएस-२०२२ केलं. त्या टार्गेटपासून क्लासमधली फील्ड्स मानक पद्धतीने, थेट ऑब्जेक्टवर बसतात. आणि आमचे कंपोनंट जिच्यावर बांधलेले आहेत त्या लिट या लायब्ररीने त्याच नावाने प्रोटोटाइपवर ठेवलेले गेटर-सेटर त्यांच्या आड झाकले जातात. परिणाम असा की किंमत बदलते आणि पडदा बदलत नाही. लिटच्या डेव्हलपमेंट आवृत्तीत यावर निदान ओरड होते, प्रॉडक्शनमध्ये तीही नाही. लायब्ररीची एक ओळ न बदलता लायब्ररी मोडली होती, आणि ती मोडणाऱ्या टीमला आपण काही मोडलंय हे कळायचा मार्ग नव्हता. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलं आहे की मॉड्यूलची हद्द कामाच्या पायऱ्यांवरून आखू नये. जो निर्णय उद्या बदलू शकतो, तो लपवण्यासाठी ती आखावी. कसं कंपाइल करायचं हा असाच निर्णय. तो आम्ही सेव्ह-आणि-बघच्या सुखापायी सगळ्या शेजाऱ्यांना वाटून टाकला होता.

आता नोंदवहीकडे येतो, कारण वेब कंपोनंटचं पॅकेजिंग बाकीच्या लायब्रऱ्यांपेक्षा वेगळं होतं ते इथे. पानावर कस्टम एलिमेंट्सची नोंदवही एकच. एक नाव एकदाच चढतं. ते खोडता येत नाही, बदलता येत नाही. त्याच नावाने दुसऱ्यांदा नोंद केली की ब्राउझर एरर फेकतो. रिॲक्टच्या बटणाच्या दोन आवृत्त्या एका पानावर गुण्यागोविंदाने नांदतात, कारण ती दोन स्वतंत्र फंक्शन्स असतात. टॅगचं तसं नाही. समजा वरची पट्टी एक टीम करते आणि ती लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीवर आहे. मधला मजकूर दुसरी टीम करते, ती तिसरीवर. दोघींनी आपापल्या बंडलमध्ये बटण बांधून आणलं. जी उशिरा पोहोचली तिचा भाग कोसळला.

यावरचा प्रचलित उपाय मला पसंत नाही. नोंद करण्याआधी 'हे नाव आधीच आहे का' असं विचारायचं, असेल तर गप्प बसायचं. एरर जाते हे खरं. पण आता कोणतं बटण चालतंय ते नेटवर्कच्या वेगावर ठरतं. जी फाइल आधी आली तिचा टॅग. सकाळी दुसरी आवृत्ती, दुपारी कॅशमुळे तिसरी. हा बग शोधायला बसलेल्या माणसाची मला मनापासून कीव येते, कारण तो माणूस एकदा मीच होतो. त्यापेक्षा पान कोसळलेलं बरं. कोसळलं की निदान कुणीतरी विचारतं. खरा उपाय कोडमध्ये नाही, कराराचा आहे: लायब्ररी कुणी आपल्या बंडलमध्ये गुपचूप बांधायची नाही, ती पीअर डिपेन्डन्सी म्हणून मागायची, आणि एका पानावर एकच आवृत्ती राहील याची जबाबदारी पानाच्या मालकाने घ्यायची. मोठा बदल असेल तर टॅगचं नावच बदलावं. लोक म्हणतात, नावात आवृत्तीचा आकडा कुरूप दिसतो. दिसतो खरा. प्रत्येक भागाला वेगळी नोंदवही देण्याचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत होता आणि आता ब्राउझरांत उतरू लागला आहे. तो सगळीकडे पोहोचला की हे सगळं सोपं होईल. पण आज ज्याला लायब्ररी पाठवायची आहे त्याने आजच्या ब्राउझरांसाठी पाठवावी.

बंडल करून पाठवावी की सुटी, हा वाद मी फार लांबवणार नाही. लिटचे लेखकच सांगतात की एनपीएमवर देताना बंडल करू नका, मिनिफाय करू नका, पॉलिफिल आत घालू नका. साधी मॉड्यूल्स द्या, छाटणी ॲपवाल्याला करू द्या. ते बरोबर आहे. आधीच बांधून पाठवलेल्या पाच पॅकेजेसमध्ये लिटच्या पाच प्रती असतात आणि ॲपच्या बंडलरला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. ज्यांच्याकडे बिल्डच नाही, नुसता स्क्रिप्ट टॅग आहे, त्यांच्यासाठी एक बांधलेली फाइल वेगळ्या दाराने द्यावी. ते दार वेगळं आहे हे दारावर लिहावं, म्हणजे झालं.

दार म्हणजे 'एक्सपोर्ट्स'. पॅकेज-जेसनमधलं हे फील्ड मला त्या सगळ्या फाइलीत सर्वांत मौल्यवान वाटतं. ते लिहिलं की यादीत नसलेल्या फाइलीपर्यंत बाहेरच्याला पोहोचताच येत नाही. ते नसतं तेव्हा काय होतं? गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कुणीतरी विसंबलेलं असतं. तुम्ही वचन काय दिलं होतं, याला तेव्हा अर्थ राहत नाही. आमच्याकडे एका टीमने लायब्ररीच्या पोटातली रंगांची एक फाइल थेट इम्पोर्ट केली होती. आम्ही फोल्डरचं नाव बदललं आणि त्यांचं रिलीज अडलं. त्यांचं चुकलं, असं मी तेव्हा तावातावाने म्हणालो होतो. आता म्हणत नाही. कुलूप आम्ही लावलं नव्हतं.

शॅडो डॉम हे दुसरं कुलूप, आणि ते मात्र नको इतकं पक्कं बसतं. याचा एक किस्सा मराठीचा आहे म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या बटणाची उंची २८ पिक्सेल ठरलेली होती, ओळीची उंची १, आणि जास्तीचं झाकून टाकायचं असा नियम. डिझाइन इंग्रजीत झालं होतं. 'सबमिट', 'नेक्स्ट' ही अक्षरं त्यात ऐटीत बसत. मराठी फॉर्म करणाऱ्या टीमने त्यात 'पुढे जा' घातलं. वरची मात्रा जेमतेम राहिली, खालचा उकार कापला गेला. बटणावर 'पढे जा' दिसू लागलं. त्यांनी आपल्या सीएसएसमधून उंची वाढवायचा प्रयत्न केला. वाढेना, कारण पानाचं सीएसएस शॅडो डॉमच्या आत पोहोचत नाही. आत शिरायच्या अधिकृत वाटा मुख्यतः दोन: लायब्ररीने उघडे ठेवलेले सीएसएस व्हेरिएबल्स, नाहीतर तिने नाव देऊन ठेवलेले 'पार्ट'. आम्ही उंचीसाठी दोन्हींतलं काहीच ठेवलं नव्हतं. आमचं रिलीज महिन्याने होतं. मग त्या टीमने काय करावं? त्यांनी उकार नसलेला शब्द शोधला. तीन आठवडे त्या फॉर्मवर 'पुढे जा'च्या जागी 'चला' असं बटण होतं.

हसू येतं, पण नीट पाहिलं तर एका टीमच्या पॅकेजने दुसऱ्या टीमचा शब्द बदलायला लावला होता. त्याच सुमारास दुसरं एक प्रकरण निघालं. जावास्क्रिप्टच्या अंक-तारखांच्या सोयीत मराठी भाषा सांगितली की आकडे आपोआप देवनागरीत येतात. हिंदी सांगितली तर येत नाहीत. आमचं डेट फील्ड स्वतःच छापलेली तारीख परत वाचताना 0 ते 9 हे इंग्रजी आकडेच शोधत असे. मराठी पानावर '२०२४' छापून ते स्वतःलाच 'वर्ष चुकीचं आहे' म्हणून बजावायचं. आमच्या रेपोतली सगळी ॲप्स इंग्रजी. ही चूक तिथे कितीही टेस्ट लिहिल्या असत्या तरी दिसली नसती. मोनोरेपोतली टेस्ट म्हणजे घरच्यांनी घरच्यांना विचारलेला प्रश्न.

आता यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही मी स्वतः कधी ना कधी घेतलेले.

पहिला गूगलचा दाखला देणाऱ्यांचा. तिथे एका लायब्ररीची एकच आवृत्ती ठेवायचा दंडक आहे, सगळे ताज्या कोडवर जगतात. मग आम्हीच आवृत्त्या, चेंजलॉग आणि पार्सलं का बांधायची? याचं उत्तर असं की तो कारभार चालतो तो वापरणारा प्रत्येक जण भिंतीच्या आत असल्यामुळे. लायब्ररी बदलणारा माणूस त्याच हाताने सगळ्यांचं कोड बदलू शकतो, आणि त्यासाठी लागणारी अवजारं गूगलने वर्षानुवर्षं स्वतः घडवली आहेत. पण तेच गूगल अँग्युलर बाहेर देतं तेव्हा मुकाट्याने आवृत्तीचा आकडा घालून एनपीएमवर पॅकेज ठेवतं. गूगलमध्येच घडलेल्या लिटचा रेपो उघडून बघा: तोही मोनोरेपो आहे, आत अनेक पॅकेजेस, प्रत्येकाच्या एक्सपोर्ट्सची काटेकोर यादी. म्हणजे ज्यांचं उदाहरण देऊन आपण पॅकेजिंग टाळतो, ते भिंतीच्या बाहेर जाताना ते टाळत नाहीत. तुमचे सगळे वापरणारे खरोखरच एका रेपोत असतील तर तुम्हाला पॅकेज नको, फोल्डर पुरे. मात्र त्याला लायब्ररी म्हणू नका आणि उद्या शेजारच्या इमारतीतली टीम आली की 'एनपीएम इन्स्टॉल करा' असं सहज सांगू नका.

दुसरा आक्षेप लहान टीमचा, आणि तो मला जास्त पटतो. दोन ॲप्स आहेत, तीन माणसं आहेत. एवढा सोपस्कार करायला वेळ कुठला? तर करू नका. बटणाची फाइल एका ॲपमधून दुसऱ्यात कॉपी करा. कॉपी-पेस्टला आपण उगाच पाप ठरवून ठेवलं आहे. दोन जागी असलेलं बटण दोन वेगळ्या दिशांनी वाढेल, तेव्हा कळेल की त्यातलं खरोखर सामायिक काय होतं. अकाली काढलेल्या सामायिक लायब्ररीत प्रत्येक टीम आपापली एक प्रॉपर्टी घुसवते आणि दोन वर्षांत बटणाला चाळीस प्रॉपर्टी होतात. तसं बटण मी पाहिलं आहे. त्यातल्या 'नवीन स्टाइल' आणि 'खरी नवीन स्टाइल' या दोन प्रॉपर्टींपैकी कोणती वापरायची, ते सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला होता.

ज्यांना लायब्ररी हवीच आहे, त्यांच्याकडे माझं मागणं एकच आहे: घरातल्यांनीही दारातूनच यावं. रेपोमधल्या ॲप्सना सोर्सची चोरवाट देऊ नका. त्यांनीही बांधलेलं पॅकेज एक्सपोर्ट्समधूनच घ्यावं. याची किंमत आहे. सेव्ह केल्यावर दोन-तीन सेकंद थांबावं लागतं, बिल्ड पार्श्वभूमीवर चालू ठेवावा लागतो, पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरतात. आमच्याकडे एका सीनियर मित्राने मला सरळ विचारलं, "तू आम्हाला आमच्याच घरात बेल वाजवायला लावतोयस का?" हो. कारण बेल बिघडली आहे हे रोज वाजवणाऱ्यालाच कळतं.

शिवाय आवृत्तीचा निर्णय रिलीजच्या रात्री घेऊ नका. बदल करणाऱ्यानेच पुल रिक्वेस्टमध्ये दोन ओळी लिहाव्यात: काय बदललं, आणि वापरणाऱ्याचं काही मोडतं का. चेंजसेट्ससारखं अवजार त्यासाठीच आहे. त्या दोन ओळी लिहिताना हात अडखळला तर समजावं की बदल वाटतो तितका साधा नाही. आणि ही घाई नको अशासाठी की एनपीएमवर एकदा गेलेला आवृत्तीचा आकडा परत वापरता येत नाही. चुकीचं पॅकेज मागे घेतलं तरी तो आकडा जळाला तो जळालाच.

आता एक छोटं काम. त्याला अर्धा तास लागतो, तो या आठवड्यात काढा. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये 'एनपीएम पॅक' चालवा. एक टारबॉल तयार होईल, एनपीएमवर जाईल तो हाच. मोनोरेपोच्या पूर्ण बाहेर, डेस्कटॉपवर म्हणा, एक रिकामं ॲप काढा, त्यात तो टारबॉल बसवा, पानावर एक टॅग लिहा आणि प्रॉडक्शन बिल्ड करून उघडा. भाषा मराठी ठेवा, बटणावर उकार असलेला शब्द घाला. जे मोडेल ते दुरुस्त करा आणि हाच प्रयोग सीआयमध्ये टाकून द्या, म्हणजे तो करायची आठवण कुणाला ठेवावी लागणार नाही.

आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा पान उघडायची पाळीच आली नाही. आमच्या गिट-इग्नोरमध्ये 'डिस्ट' फोल्डर होता, पॅकेज-जेसनमध्ये 'फाइल्स'ची यादी नव्हती, आणि अशा वेळी काय वगळायचं ते एनपीएम गिट-इग्नोर वाचून ठरवतं. टारबॉल उघडून पाहिला. आत सोर्स होता, टेस्ट होत्या, रीडमी होती, कुणाच्या तरी स्क्रीनशॉटच्या अकरा फाइली होत्या. बांधलेली जावास्क्रिप्टची फाइल एकही नव्हती.